सर्पगंधेची नोंद

वऱ्हाडात आजाऱ्याची विचारपूस करायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न आता ठरलेला आहे : 'बीपी किती निंघाला?' उत्तरही ठरलेल्या भाषेत येतं : 'वरचा एकशे सत्तर, खालचा शंभर.' शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्याही हे आकडे कापसाच्या भावासारखे तोंडपाठ सांगतात. मात्र आकडा सांगून झाला की त्याला लागूनच दुसरं वाक्य येतं, 'पण मले त काही होत नाही. मंग गोळी कायले खाऊ?'

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शंभर वर्षांपूर्वी लंडन आणि बोस्टनमधले नामांकित डॉक्टर जवळपास हेच विचारत होते. ज्याला काही होत नाही, त्याला औषध कशाला? त्याचं पक्कं उत्तर मिळायला १९६७ साल उजाडलं. त्या उत्तराच्या वाटेवर आपल्या रानातलं एक मूळ आहे, कलकत्त्याचे कविराज आणि दिल्लीचे हकीम आहेत, आणि मुंबईतला एक पारशी डॉक्टर आहे.

आधी ते मूळ पाहू. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. अशा बागेत सर्पगंधा शोधायची तर मान खाली घालूनच चालावं लागतं, कारण झुडूप जेमतेम गुडघ्याएवढं. एकेका पेरावर तीन-तीन, चार-चार पानं चक्रासारखी मांडलेली, वरून चकचकीत हिरवी, खालून फिकी. फुलं पांढरी-गुलाबी, पण त्यांचे देठ लालभडक. त्यामुळे लांबून आख्खा गुच्छच लाल दिसतो. फळं वाटाण्याएवढी, पिकली की जांभळट काळी. पण खरं काम जमिनीखाली. दोन-तीन वर्षांचं झाड उपटलं की करड्या-पिवळट सालीचं, वळणं घेत गेलेलं मूळ हाती येतं. वास जवळजवळ नाही. चव मात्र अशी कडू, की जिभेच्या टोकाला लागलेला तुकडा तासभर आठवण देत राहतो.

मराठीत तिला कुठे अडकई म्हणतात, कुठे हरकी. उत्तरेकडे तिचं एक नाव होतं 'पागल की दवा'. साप चावला, विंचू डसला, माणूस भ्रमिष्टासारखा करू लागला, झोप येईना, की ही मुळी उगाळून द्यायची, हा वैद्यांचा आणि रानातल्या जाणत्यांचा जुना रिवाज. सोळाव्या शतकात गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा वनौषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात सापाच्या विषावरच्या मुळांची चर्चा आहे आणि त्यातलं एक मूळ सर्पगंधेचं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढे प्लुमिये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १७०३ साली या कुळाला लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याचं नाव दिलं. राउवोल्फनं सोळाव्या शतकात सीरिया-इराकपर्यंत प्रवास केला होता, पण हिंदुस्थानात तो कधी आलाच नव्हता. आपल्या मुळाला परक्याचं नाव लागलं ते असं. त्या काळी त्याचं कुणाला दुःख नव्हतं, कारण ज्या आजारामुळे हे मूळ जगाच्या बाजारात गेलं, तो आजार तेव्हा कुणाला मोजताच येत नव्हता.

मोजणं सोडा, नाडीवरून अंदाज मात्र होता. आपला वैद्य मनगटावर तीन बोटं ठेवून नाडी कठीण लागते की मऊ, हे सांगायचा. हीच कठीण नाडी एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये फ्रेडरिक अकबर महोमेद नावाच्या तरुण डॉक्टरनं यंत्रावर धरली. हा महोमेद कोण? पाटण्याहून इंग्लंडला गेलेल्या आणि १८१० साली लंडनमध्ये हिंदुस्थानी खानावळ काढणाऱ्या शेख दीन महोमेदचा नातू. मनगटावर बसवायचं, नाडीच्या ठोक्याबरोबर कागदावर रेघ ओढणारं यंत्र त्यानं सुधारून घेतलं आणि त्या रेघांच्या चढ-उतारावरून सांगितलं, की काही माणसांच्या रक्ताचा दाब मूत्रपिंडाचा कुठलाही रोग नसताना वाढलेला असतो. आज ज्याला आपण नुसता 'बीपी' म्हणतो, त्याचं हे पहिलं नीट वर्णन. १८८४ साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी विषमज्वरानं तो गेला आणि त्याचं काम कपाटात पडलं.

मग १८९६ साली इटलीत रिव्हा-रॉची यानं दंडाला बांधायचा फुगणारा पट्टा आणि पाऱ्याची नळी जोडली. १९०५ साली रशियाच्या कोरोत्कोव्हनं पट्ट्याखाली स्टेथोस्कोप टेकवला आणि हवा सोडताना पहिला ठोका ऐकू आला की वरचा आकडा, आवाज बंद झाला की खालचा, अशी रीत घालून दिली. अमरावतीच्या दवाखान्यात आज परिचारिका फुगा दाबते तेव्हा ती याच दोघांची पद्धत वापरत असते.

आकडा मिळाला, पण त्याचं करायचं काय, हे कुणाला उमगेना. त्या काळची समजूत अशी, की वय झालं की धमन्या ताठरतात, अरुंद होतात. अशा कडक नळ्यांतून मेंदू-मूत्रपिंडापर्यंत रक्त पोचवायचं तर दाब जास्तच लागणार. म्हणजे वाढलेला दाब ही शरीराची गरज, आणि म्हणून त्याचं इंग्रजी नावच पडलं 'इसेन्शियल', अत्यावश्यक. १९३१ च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेतले मोठमोठे हृदयतज्ज्ञ जाहीरपणे सांगत होते, की दाब उतरवायला जाऊ नका. उलट आकडा कळल्यानं माणूस धास्तावतो, तीच खरी भीती. म्हणजे आपल्या आजीचंच म्हणणं, फक्त पदवीधर तोंडून.

या समजुतीची किंमत साऱ्या जगानं पाहिली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. दुसरं महायुद्ध चालवणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी दिलं काय, तर विश्रांती, कमी मीठ, कमी सिगारेटी आणि हृदयासाठी डिजिटॅलिस. दाब उतरवणारं धड औषध नव्हतंच. १२ एप्रिल १९४५ रोजी 'डोकं फार दुखतंय' म्हणत ते कोसळले. तेव्हाचा आकडा ३०० च्या वर होता. मेंदूत रक्तस्राव होऊन दोन-तीन तासांत ते गेले.

गंमत अशी, की रूझवेल्ट गेले तेव्हा हिंदुस्थानातल्या औषधांच्या दुकानात दाबावरची गोळी दहा वर्षांपासून मिळत होती.

तिची गोष्ट १९३१ पासून सुरू होते. त्या एका वर्षात दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या माणसांनी या मुळाला हात घातला. कलकत्त्यात कविराज गणनाथ सेन आणि डॉक्टर कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये लेख लिहून सांगितलं, की सर्पगंधेची पूड दिल्यानं वेडाचा झटका तर शमतोच, शिवाय रक्ताचा दाबही उतरतो. दोघांपैकी एक आयुर्वेदाचा, दुसरा ॲलोपॅथीचा. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातून पाच निरनिराळी अल्कलॉइड वेगळी केली. त्यांतल्या एकाला त्यांनी नाव दिलं अजमलीन, हकीम अजमल खान यांच्या आठवणीत. हकीमसाहेबांनीच युनानी औषधांवर आधुनिक संशोधन व्हावं म्हणून सलीमुझ्झमानना बोलावून घेतलं होतं. पण निकाल हाती आला तेव्हा त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. पुढे कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेत कर्नल रामनाथ चोप्रांनी जनावरांवर प्रयोग करून दाब उतरतो हे पडताळून पाहिलं. १९३४ मध्ये हिमालया कंपनीनं 'सर्पिना' या नावानं गोळी बाजारात आणली.

एवढं सगळं झालं, तरी हिंदुस्थानाबाहेर त्याची कुणी दखल घेतली नाही. सेन-बोसांचा लेख इंग्रजीतच होता, पण तो परदेशात वाचला जात नसलेल्या मासिकात. शिवाय त्यात रुग्णांच्या कहाण्या होत्या, तक्ते नव्हते. रसायनशास्त्रज्ञ वेगळ्या खोलीत, वैद्य वेगळ्या खोलीत, डॉक्टर तिसऱ्या खोलीत. तिन्ही खोल्यांची दारं उघडून मधल्या अंगणात बसणारा माणूस हवा होता.

तो मुंबईत निघाला. रुस्तम जाल वकील, जन्म १९११, मुंबईचा. लंडनमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेऊन तो परतला आणि परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोग्यांमध्ये रमला. आडनाव वकील, आणि आयुष्यातला सर्वांत मोठा खटला त्यानं लढवला तो एका मुळीचा. मुंबईतले कितीतरी डॉक्टर दाबाच्या रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देतच होते. गुण येतो, हे सगळ्यांना 'माहीत' होतं. वकिलांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. ते वर्षानुवर्षं रुग्णांना ती देत राहिले, दाब मोजत राहिले, आकडे लिहीत राहिले. त्यांतून नीट निवडलेल्या ५० रुग्णांचा अहवाल त्यांनी तयार केला आणि तो पाठवला थेट लंडनच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'कडे. ऑक्टोबर १९४९ च्या अंकात तो छापून आला. पानं अवघी सहा.

त्या सहा पानांत चमत्काराची भाषा कुठेही नाही. औषध सुरू करण्याआधीचा दाब किती, चार आठवड्यांनी किती. किती जणांचा उतरला, किती जणांचा नाही. आणि डॉक्टराला हवी असलेली एक बारीक गोष्ट : या मुळीचा गुण धीम्या गतीनं येतो. पहिल्या दोन-चार दिवसांत काही दिसत नाही, दाब आठवड्यागणिक हळूहळू उतरतो, आणि औषध थांबवलं तरी गुण काही काळ टिकून राहतो. त्या वेळी युरोप-अमेरिकेत दाबासाठी जे उपाय चालत, त्यांच्या तुलनेत ही गोळी म्हणजे देवाची देणगी होती. तिकडे शस्त्रक्रिया करून पाठीच्या कण्याजवळच्या नसा कापत. नाहीतर नुसता भात, फळं आणि साखर यांवर महिनोन्‌महिने ठेवत. जी औषधं होती ती इतकी उग्र, की माणूस उभा राहिला की भोवळ येऊन पडे. इकडे गोळी घेऊन माणूस ट्रामनं कामाला जाऊ शकत होता.

आता दारं उघडली. बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो लेख वाचला, हिंदुस्थानातून गोळ्या मागवल्या आणि १९५० पासून आपल्या रुग्णांना देऊन पाहिल्या. गुण तोच. शिवाय त्यांना दिसलं, की रुग्णांचा नुसता दाबच उतरत नाही, ते शांतही होतात. स्वित्झर्लंडच्या बाझलमध्ये सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी १९५२ साली मुळातलं नेमकं काम करणारं द्रव्य स्फटिकाच्या रूपात वेगळं केलं. नाव पडलं रेसर्पीन, सर्पेंटिना या लॅटिन नावातूनच घडवलेलं. न्यू यॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये ते मनोरुग्णांना दिलं आणि 'पागल की दवा' हे आपलं गावठी नाव आधुनिक मनोविकारशास्त्राच्या उंबरठ्यावर जाऊन उभं राहिलं. १९५६ साली रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसर्पीनचा रेणू प्रयोगशाळेत पहिल्यापासून बांधून दाखवला. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो आजही शिकवतात.

१९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला, त्याच वर्षी क्लाइन आणि इतर मनोविकारतज्ज्ञांनाही. पुढच्या वर्षी विल्किन्सना लास्कर आणि वकिलांना पद्मभूषण. १९७४ साली मुंबईत वकिलांचं निधन झालं. हिंदुस्थानातल्या आधुनिक हृदयरोगशास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. पण परळच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक आहे, हा वेगळाच प्रश्न.

याला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकली तर ही कहाणी नुसतीच अभिमानगीत होईल. परदेशातली मागणी वाढली तशी रानंच्या रानं उपसली गेली. हे झुडूप मुळासकट उपटल्याशिवाय औषध मिळत नाही, म्हणजे प्रत्येक शेर मुळाला तेवढी झाडं गेलीच. पन्नासच्या दशकात भारत सरकारनं कच्च्या मुळाची निर्यात रोखली, तेव्हा कंपन्या आफ्रिकेतल्या त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाकडे वळल्या. आज सर्पगंधा आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे.

दुसरा डाग औषधाच्या स्वभावातला. नाक चोंदतं, हे किरकोळ. पण मोठ्या मात्रेत घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य येऊ लागलं, आत्महत्येचे विचार येऊ लागले, काहींचे हातपाय कंपवातासारखे ताठरले. अपाय दिसला तोही नोंदींतूनच. आणि अपायातूनही विद्या निघाली. स्वीडनच्या अर्विद कार्ल्सन यांनी सशांना रेसर्पीन दिलं, ससे कान पाडून दगडासारखे निश्चल बसले; मग एल-डोपा टोचलं आणि ते पुन्हा हिंडूफिरू लागले. त्या प्रयोगातून कंपवातावरचं औषध निघालं आणि कार्ल्सनना २००० सालचं नोबेल मिळालं. सर्पदंशावर उगाळायची मुळी कुठून कुठे गेली पाहा.

तरीही आजीच्या प्रश्नाचं उत्तर अजून बाकी होतं. दाब उतरतो, हे वकिलांनी दाखवलं. पण दाब उतरवल्यानं माणूस वाचतो का? ज्याला 'काही होत नाही', त्याचं पुढचं काही टळतं का?

ते अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी तपासलं. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. ७३ जणांना खऱ्या गोळ्या, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. खऱ्या औषधांत तीन घटक होते : लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड, धमन्या सैलावणारं हायड्रॅलझीन, आणि तिसरं आपलं रेसर्पीन. सरासरी दीड वर्षात पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांवर मोठं संकट आलं : कुणाला पक्षाघात, कुणाचं हृदय थकलं, कुणाची महाधमनी फाटली, कुणाची दृष्टी धोक्यात; त्यांतले चौघे दगावले. औषधवाल्या गटात असे फक्त दोघे, आणि मृत्यू एकही नाही. १९६७ साली हा निकाल छापला गेला. 'अत्यावश्यक दाब' ही कल्पना त्या दिवशी मेली.

मग ताठर धमन्यांचं काय? ती जुनी समजूत सगळीच खोटी नव्हती, उलटी होती. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला हे समजावायला लागत नाही. ठिबकची नवी नळी लवचीक असते. मोटर सुरू झाली की किंचित फुगते, धक्का पोटात घेते, पाणी पुढे सारखं सोडते. चार उन्हाळे अकोला-अमरावतीचं ऊन खाल्लं की तीच नळी कडक होते. आता मोटरचा प्रत्येक हिसका थेट शेवटच्या तोटीवर आदळतो, आणि नळी पहिल्यांदा फाटते ती तिथल्या बारीक सांध्यापाशी. हृदयापासून निघणारी महाधमनी अशीच. तरुणपणी ती प्रत्येक ठोक्याला ताणते आणि दोन ठोक्यांच्या मधे आकसून रक्त पुढे ढकलत राहते. ती कडक झाली की वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो आणि दोघांतलं अंतर रुंदावतं. प्रत्येक ठोक्याचा मार मेंदूतल्या आणि मूत्रपिंडातल्या केसासारख्या बारीक नळ्यांवर बसतो. कडक नळीतून नाडीची लाटही जास्त वेगानं धावते. मँचेस्टरच्या ब्रॅमवेल आणि हिल यांनी १९२२ मध्ये या वेगाचं गणित मांडलं. आज हा वेग सेकंदाला १० मीटरच्या वर गेला की धमनी ताठरली असं डॉक्टर मानतात.

म्हणजे ताठर धमनीला दाब 'लागतो' असं नसून, दाब धमनीला ताठर करतो आणि ताठर धमनी दाब वाढवते. दोघं एकमेकांना वाढवत जातात. हे चक्र कुठे तोडता येतं का, हे अमेरिकेत साठीच्या पुढच्या ४,७३६ माणसांवर तपासलं गेलं. या सगळ्यांचा फक्त वरचा आकडा वाढलेला होता, 'वयाला धरून आहे' म्हणून आपण सोडून देतो तसा. १९९१ चा निकाल : साध्या, स्वस्त गोळ्यांनी पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. पहिली गोळी क्लोरथॅलिडोनची. तिनं भागलं नाही आणि दुसरं औषध चालणारं नसलं, तर अगदी बारीक मात्रेत द्यायचं ते पुन्हा रेसर्पीन.

आता वऱ्हाडात परत येऊ. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. विहिरीला पाणी लागतं, पण ते तोंडात धरवत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. या पाण्यात सोडियमचे क्षार भरपूर. मीठ आणि दाब यांचं नातं जगभर सिद्ध झालेलं आहे. बांगलादेशच्या किनाऱ्यावर खारं पाणी पिणाऱ्या गरोदर बायांत वाढलेल्या दाबाचं प्रमाण जास्त आढळलं. आमच्या खारपाणपट्ट्यात नळयोजना आल्या, अकोटकडच्या गावांना वान धरणाचं पाणी मिळालं. पण ताटातलं मीठ काही कमी झालं नाही. ठेचा, लोणचं, पापड, वर पुन्हा चिमूटभर मीठ. आणि जेवण झाल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅम मीठ पुरे म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, आणि तो सगळ्या दिवसाचा, सगळ्या पदार्थांतला मिळून.

सरकारच्या बाजूनं पाहिलं, तर २०१० साली मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोगाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशातल्या शंभर जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांमध्ये अमरावती आणि वाशीम होते. २०१७ मध्ये रक्तदाब नियंत्रणाचा वेगळा उपक्रम निघाला तेव्हा आमच्या शेजारचा वर्धा जिल्हा त्यात होता. या उपक्रमातलं सगळ्यांत मोलाचं साधन कुठलं महागडं यंत्र नाही. ते आहे एक कार्ड. रुग्णाचं नाव, गाव, प्रत्येक भेटीची तारीख, वरचा, खालचा, गोळी कोणती, किती. कार्ड दवाखान्यात राहतं; महिना उलटला आणि माणूस आला नाही, की आशाताई दारात जाऊन उभी राहते. वकिलांनी ५० माणसांसाठी जे केलं, ते आता लाखांसाठी करायचं आहे. फरक इतकाच, की वकिलांना औषध सिद्ध करायचं होतं. आज औषधं सिद्ध झालेली आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, आणि अडतं ते नोंद तुटल्यामुळे. गोळ्या संपल्या, सोयाबीन काढायची घाई होती, डोकं दुखायचं थांबलं, शेजारणीनं सांगितलं की गोळीची सवय लागते. कार्डावरची शेवटची तारीख तिथेच थांबते.

एक इशारा सांगायलाच हवा. ही कहाणी वाचून कुणी रानातून वा जडीबुटीवाल्याकडून सर्पगंधा आणून उगाळू नये. एका मुळात द्रव्य किती आणि दुसऱ्यात किती, याचा भरवसा नसतो, आणि नैराश्याचा धोका खरा आहे. दाबावर आज वापरतात ती अम्लोडिपिन, टेल्मिसार्टनसारखी औषधं तिच्यापेक्षा सुरक्षित आहेत. सर्पगंधेचं काम झालं आहे. तिला आता मेळघाटच्या रानात आणि अकोल्याच्या वाफ्यात सुखानं वाढू द्यावं.

सर्पगंधा आपल्याकडे शेकडो वर्षं होती, तिचा गुण वैद्यांना ठाऊक होता. जगाला ती कळली एका डॉक्टरनं आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी-शेजारी लिहून ठेवला तेव्हा. घरोघरीही हेच लागू आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी दाब मोजून घ्यावा, पाच मिनिटं शांत बसून, न बोलता. आकडा तारखेसह लिहून ठेवावा. आणि गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नये. आणि 'मले काही होत नाही, मंग गोळी कायले खाऊ?' असं आजीनं पुन्हा विचारलं, तर तिला ते दोन आकडे सांगावेत. त्या १४३ जणांपैकी गोळी न मिळालेल्यांतले २७ जण कोसळले, मिळालेल्यांतले दोन.